आधी खेळ, मग कॅमेरा



कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मृतीनिमित्त ही व्याख्यानमाला आहे. बाबूरावांचे चरित्र कोल्हापूरला नव्याने सांगायची गरज नाही. १ डिसेंबर १९१७ रोजी त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. दरवर्षी त्या तारखेला आपण खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या मानस्तंभापाशी जमतो, हार घालतो, भाषणे करतो. भारतात एखाद्या गावाने चौकात कॅमेऱ्याला असा मान द्यावा, याचा मला फार अभिमान वाटतो. आज मात्र मला कॅमेऱ्याच्या जोडीदाराबद्दल बोलायचे आहे. प्रोजेक्टरबद्दल आणि तो ज्या घरात राहिला त्या घराबद्दल. म्हणजे आपल्या गावातल्या छोट्या, जुन्या, एकपडदा टॉकीजबद्दल.

कोल्हापूरच्या चित्रपटाची गोष्ट आपण नेहमी कॅमेऱ्यापासून सुरू करतो. खरे म्हणजे ती त्याआधी सुरू होते. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले बंधू संगीत नाटक मंडळींचे पडदे रंगवण्यात नावाजलेले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता. कॅमेरा आपणच तयार करायचा असे त्यांनी ठरवले, आणि त्या खटपटीच्या काळात त्यांनी दुसऱ्यांचे चित्रपट लोकांना दाखवण्याचा व्यवसाय सुरू केला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. हा क्रम नीट लक्षात घ्या. या गावात आधी खेळ लागले, मग कॅमेरा झाला.

हा क्रम मला योगायोग वाटत नाही. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांचे यंत्रशास्त्र एकच आहे. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर चित्र घेण्याचे आणि दाखवण्याचे अशी दोन्ही कामे करत असे. फिल्म सरकत्या पट्ट्यासारखी सतत धावून चालत नाही. एक चित्र खिडकीसमोर आले की तिने क्षणभर थांबायचे, मग झटक्यात पुढे जायचे, आणि ती पुढे जात असताना झडपेने उजेड अडवायचा. ज्याला हे थांबणे आणि सरकणे कळले, त्याला कॅमेऱ्याचे मर्म कळले. यंत्राइतकेच आणखी एक शिक्षण थिएटरात मिळे. पब्लिक कुठे हसते, कुठे चुळबुळ करते, कुठे श्वास रोखते, हे दाखवणाऱ्याला रोज रात्री दिसते.

व्ही. शांताराम यांचेच उदाहरण घ्या. कोल्हापूरचा हा मुलगा हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये राबत होता आणि संध्याकाळी तिथल्या पत्र्याच्या सिनेमा थिएटरात पडेल ते काम करत होता. पुढे डोअरकीपर झाला. फाळक्यांचे चित्रपट त्याने तिथे पाहिले. त्यानंतर तो बाबूरावांच्या कंपनीत आला आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्याने याच गावात प्रभात फिल्म कंपनी उभी केली. ज्या माणसाच्या चित्रपटांनी पुढे व्हेनिसपर्यंत मजल मारली, त्याचे पहिले चित्रपट-विद्यालय पत्र्याचे एक थिएटर होते.

म्हणून माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे आहे. चित्रपटाचा इतिहास जितका तो करणाऱ्यांचा आहे, तितकाच तो पाहणाऱ्यांचा आहे. करणाऱ्यांचा इतिहास आपण थोडाफार जपला. पाहणाऱ्यांचा इतिहास टॉकीजच्या भिंतींत आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत जातो आहे. त्यातली निदान एक टॉकीज आपण चालत्या स्थितीत वाचवली पाहिजे.

गेले म्हणजे किती गेले, ते पाहू. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मोठा चित्रपट ‘सैरंध्री’. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. आज ‘सैरंध्री’ पाहायची म्हटली तर पाहता येत नाही. बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. ज्या आर्यनमध्ये ‘सैरंध्री’ लागली, ते गंगाधरपंत पाठकांचे १९१५ चे थिएटर १९८३ मध्ये पाडले गेले. त्या जागी आता वाहनतळ आहे. चित्रपटही गेला आणि घरही गेले. जुनी नायट्रेट फिल्म तर नुसत्या उष्णतेनेही पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि उरलेसुरलेही मोठ्या प्रमाणात जळाले. फिल्म टिकवणे अवघड आहे, हे मान्य. पण वीट, चुना आणि लाकूड टिकवणे तितके अवघड नाही. तेही आपल्याला जमले नाही, याची मला खंत वाटते.

आता आपल्या गावाकडे येऊ. आजही कोल्हापुरात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण काय म्हणतो? व्हीनस कॉर्नरला सोडा. उमा टॉकीजपाशी थांबा. पद्मा टॉकीजच्या पुढे. पार्वती टॉकीजच्या सिग्नलला. जी तरुण मुले हे पत्ते सांगतात, त्यांतल्या कित्येकांनी तिथे कधी चित्रपट पाहिलेला नाही. शाहू, उषा, उर्वशी, अयोध्या, लक्ष्मी, रॉयल, प्रभात, संगम ही नावे घेतली की या सभागृहातली चाळिशीच्या पुढची प्रत्येक व्यक्ती मनातल्या मनात कुठल्या तरी रांगेत जाऊन उभी राहते. रविवारी लक्ष्मीपुरीचा बाजार करून, पिशव्या सांभाळत तीनच्या खेळाला बसलेली करवीर-पन्हाळ्याकडची माणसे आपण पाहिली आहेत. खेळ सुटला की एसटी गाठायची त्यांची धांदल पाहिली आहे. मराठी चित्रपटाला या माणसांनी जगवले. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एका थिएटरात एकच चित्रपट! चित्रपट उत्तम होता, यात शंका नाही. पण तो पाहायला पुन्हापुन्हा येणारा माणूस आणि त्याला परवडेल अशा दराची खुर्ची असल्याशिवाय हे घडत नाही.

जुनी टॉकीज वाचता येते. तिच्याकडे कागदपत्र म्हणून पाहा. तिकिटाच्या खिडक्या किती आणि कुठे, ते बघा. स्त्रियांची खिडकी वेगळी होती का? पिटाचे दार कुठल्या गल्लीत उघडत होते आणि बाल्कनीचा जिना कुठून चढत होता? पिटात आधी बाकडी होती, मग लोखंडी खुर्च्या कधी आल्या? दर वेगळे, दारे वेगळी, बसण्याच्या जागा वेगळ्या, पण सगळ्यांची नजर एकाच पडद्यावर. त्या काळातला समाज कसा वेगवेगळा बसत होता आणि कुठे एकत्र येत होता, हे त्या इमारतीच्या नकाशात जितके स्पष्ट दिसते तितके पुस्तकात दिसत नाही. इमारत पाडली की हा पुरावा कायमचा जातो.

आणि मशीनरूम! टॉकीजचा जीव तिथे. बाल्कनीच्या मागे, अरुंद जिन्याने वर गेले की जाड भिंतींची ती खोली लागते. भिंतीत लहान चौकोनी खिडक्या, आणि आग लागलीच तर खोली प्रेक्षागृहापासून तोडता यावी म्हणून त्या खिडक्यांवर सोडायच्या लोखंडी झडपा. खोलीत शेजारी शेजारी दोन मशीन. दोन अशासाठी, की पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते, दोन हजार फुटांचे बावीस मिनिटांत. एका मशीनवरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करतो. काही सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि त्याच क्षणी एका मशीनचा उजेड बंद होऊन दुसऱ्याचा सुरू होतो. खाली बसलेल्या आठशे माणसांना पत्ताही लागत नाही.

त्या मशीनमध्ये बल्ब नसे. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्या टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवायची. तो पांढराशुभ्र जाळ मागच्या आरशावरून फिल्मवर पडे. कांड्या जळत जळत आखूड होत. त्या पुढे सरकवत राहिले नाही, तर पडद्यावरचा उजेड आधी पिवळा पडे, मग थरथरे. म्हणून ऑपरेटर एक डोळा निळ्या काचेतून जाळावर आणि एक डोळा पडद्यावर ठेवून उभा असे. उन्हाळ्यात त्या खोलीत उभे राहणेही कठीण. मी जुन्या ऑपरेटरांशी बोललो आहे. आवाज ऐकून मशीनमध्ये काय बिघडले आहे ते सांगणारी, तुटलेली फिल्म अंधारात बोटांनी चाचपून जोडणारी ही माणसे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत यांचे नाव कधी आले नाही. पण यांच्या हातांशिवाय एकही चित्रपट कधी कुणाला दिसला नाही. २०१० च्या आसपास उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवरून चित्रपट येऊ लागले आणि पाच-सहा वर्षांत ही मशिने भंगारात गेली. यंत्र गेले तसे ते कसबही जात आहे. ते कसब असलेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून शिकून घ्यायला आपल्या हातात फार वर्षे नाहीत.

टॉकीज का बंद पडल्या, याचा दोष मालकांच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्ससाठी करमणूक करात सवलतीचे धोरण आणले. नव्या थिएटरांना पंख मिळाले, जुन्यांना ओझे तेवढे राहिले. घराघरांत वाहिन्या आल्या, मग हातातल्या फोनवर चित्रपट आले. सातशे खुर्च्यांच्या थिएटरात चाळीस माणसे बसली तरी दिवे, पंखे आणि पगार सातशे माणसांचेच लागतात. त्यात २०२० च्या मार्चपासून टाळेबंदीत महिनोन्महिने दारे बंद राहिली. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे जागा. टॉकीज गावाच्या मध्यावर असते. तिथल्या जमिनीचा भाव टॉकीजच्या गल्ल्यात कधीच निघत नाही. अशा मालकाला आपण नुसते सांगायचे की बाबा, वारसा आहे, जप. आणि आपण घरी बसून मालिका बघायची, हे बरोबर नाही. वारसा गावाचा असेल, तर त्याचा खर्चही गावाने वाटून घेतला पाहिजे.

हे गाव वारशासाठी उभे राहत नाही, असे कुणी म्हणू नये. १९४८ च्या जाळपोळीत भस्म झालेला जयप्रभा स्टुडिओ भालजी पेंढारकरांनी कर्ज काढून पुन्हा उभा केला. त्याच जयप्रभासाठी २०२२ मध्ये इथले कलावंत आणि नागरिक उपोषणाला बसले. आणि ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र तर आपल्यापैकी कुणीच विसरणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून घेतलेले पॅलेस थिएटर, आपले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री खासबागेच्या रस्त्यावर माणसे उभी राहून रडत होती. त्यांत नट होते, तसेच प्रेक्षकही होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात रंगमंचावर पाऊल ठेवले नाही, अशी माणसे आपलेच घर जळाल्यासारखी रडत होती. पाहणाऱ्यांचा एखाद्या वास्तूवर किती हक्क असतो, हे मला त्या रात्रीने शिकवले. नाट्यगृह पुन्हा उभारायचे हे लगेच ठरले आणि ते मूळ रूपातच व्हावे असा सगळ्यांचा आग्रह राहिला. पण मूळ रूप म्हणजे नेमके काय, हे सांगायला मोजमापे लागतात, नकाशे लागतात, छायाचित्रे लागतात. टॉकीजच्या बाबतीत ती आपल्याकडे आहेत का? उद्या अशी वेळ आली, तर आपण कशाच्या आधारे उभारणार?

इतरांनी काय केले, तेही पाहू. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडले आणि तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, काळजीपूर्वक डागडुजी होऊन पुन्हा उघडले. ते मोठे आणि राजघराण्याच्या मालकीचे, म्हणून त्याला बाजूला ठेवू. इंग्लंडमध्ये हार्विच नावाचे छोटे बंदर आहे. तिथले इलेक्ट्रिक पॅलेस हे १९११ चे इवलेसे थिएटर १९५६ मध्ये बंद पडले आणि विस्मरणात गेले. गावातल्या लोकांनी ते पाडू दिले नाही, स्वतः खपून दुरुस्त केले आणि १९८१ मध्ये पुन्हा सुरू केले. फ्रान्समधल्या ला सिओता या गावात ल्युमिएर बंधूंचे घर होते. तिथले एडन थिएटर जगातल्या सर्वांत जुन्या चित्रपटगृहांत गणले जाते. तेही बंद पडले होते. २०१३ मध्ये ते नवे होऊन उघडले आणि आज त्यात नियमित खेळ होतात. ही दोन्ही गावे कोल्हापूरपेक्षा कितीतरी लहान आहेत. चित्रपटाच्या इतिहासात हार्विचचे नाव कुठेही नाही, कोल्हापूरचे मात्र पहिल्या पानावर आहे.

मग करायचे काय? मी चार गोष्टी सुचवतो. चारही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली गोष्ट, नोंद. चित्रपटगृहाला परवाना लागतो आणि परवान्यासाठी इमारतीचा नकाशा, आसनांची मांडणी, बाहेर पडण्याच्या वाटा हे सगळे सरकारदरबारी सादर करावे लागते. म्हणजे आपल्या टॉकीजचे आराखडे जुन्या दप्तरांत असण्याची शक्यता मोठी आहे. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ते शोधावेत आणि ज्या इमारती उभ्या आहेत त्यांची प्रत्यक्ष मोजमापे घ्यावीत. एका शैक्षणिक वर्षात होणारे हे काम आहे.

दुसरी गोष्ट, कागद आणि आठवणी. तिकिटांची पुस्तके, रोजच्या वसुलीचे तक्ते, हस्तपत्रिका, पोस्टर, काचेच्या जाहिरात-पट्ट्या हे सारे मालकांच्या माळ्यावर पडलेले असते आणि इमारत रिकामी करताना रद्दीत जाते. बाबूराव पेंटर स्वतः आपल्या चित्रपटांची पोस्टर रंगवत. त्यांच्या गावात पोस्टर रद्दीत जावे, हे आपल्याला शोभत नाही. त्याबरोबरच ऑपरेटर, डोअरकीपर, बुकिंग क्लार्क, कॅन्टीनवाले यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. विद्यापीठाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तिसरी गोष्ट, मालकाचा हिशोब. वारसा यादीतल्या वास्तूच्या मालकाला न वापरलेले बांधकाम हक्क दुसरीकडे वापरू द्यायचे किंवा विकू द्यायचे, ही टीडीआरची तरतूद आपल्या राज्याच्या नियमांत आहे. एका टॉकीजपुरती ती नेटाने राबवावी. मिळकतकरात सूट द्यावी. सुरक्षेत मात्र कसलीही सूट नको. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार थिएटरात ५९ माणसे गेली, कारण बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. जुन्या इमारतीवर प्रेम करायचे, तर तिची वायरिंग आधी बदलायची आणि दारे आधी मोकळी करायची.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळ. कुलूप लावून जपलेली टॉकीज ही जपलेली टॉकीज नव्हे. प्रेक्षक आले तरच ती जगते. खुर्च्या कमी करा, तीनशे पुरे. सकाळी शाळांसाठी बालचित्रपट, दुपारी जुने मराठी चित्रपट, संध्याकाळी नवे, आठवड्यातून एक दिवस चित्रपट मंडळासाठी. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी या गावात जगभरचे चित्रपट दाखवते, त्यासाठी महोत्सव भरवते. तिला स्वतःचे पक्के घर मिळाले तर केवढे काम होईल! ज्या नव्या मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा एकच खेळ मिळतो, त्याला इथे हक्काचा आठवडा मिळेल. आणि मशीनरूममध्ये एक जुने पस्तीस मिलिमीटरचे मशीन चालू स्थितीत ठेवा, ते चालवायला एका ज्येष्ठ ऑपरेटरच्या हाताखाली दोन तरुण तयार करा. मुलांना त्या अरुंद जिन्याने वर न्या आणि फिल्म कशी थांबते, कशी सरकते, ते दाखवा. शंभर वर्षांपूर्वी हे पाहूनच या गावातल्या एका तरुणाने कॅमेरा केला होता. आजच्या मुलाच्या मनात ते पाहून काय उगवेल, हे आपण आधी कसे सांगणार?

कोणती टॉकीज, हे मी आज सांगत नाही. तो निर्णय मालक, महापालिका आणि आपण सर्वांनी बसून घ्यायचा आहे. पण मुदत मात्र मला ठरवावीशी वाटते. येत्या १ डिसेंबरला मानस्तंभाला हार घातला की तिथूनच आपण चालत एखाद्या चालू असलेल्या जुन्या टॉकीजला जाऊ. तिकीट काढून, रांगेत उभे राहून, भालजींचा किंवा अनंत मान्यांचा एखादा चित्रपट पाहू. मालकाला त्या दिवशी हाऊसफुल्लचा बोर्ड लावू द्या. खेळ संपल्यावर त्याच थिएटरात सभा घेऊ आणि नोंदीच्या कामासाठी नावे लिहून घेऊ. पहिले नाव माझे घ्या.